व्हर्ना पॅस्को आणि पुढचे बारा दात

व्हर्ना पॅस्कोने एकवीस वर्षं दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वॉलरूच्या बंदरावर धान्याचे ट्रक तपासले. ट्रक काट्यावर उभा राहिला की शिडी चढायची, माणसाएवढी लांब पोकळ सळई बार्लीत वरून तळापर्यंत खुपसायची आणि आत काय येतं ते बघायचं. वरचा थर सगळ्यांचाच सोन्यासारखा असतो. ओलं, किडकं, मातीचं जे काही असेल ते तळाशी दडपलेलं असतं. शेतकरी खाली उभा राहून गोड आवाजात म्हणायचा, "अगं व्हर्ना, कागदावर लिहिलंय ना सगळं." व्हर्ना वरून म्हणायची, "मग कागदाचीच बिअर काढ." एकदा तिने सख्ख्या मेव्हण्याचा ट्रक परत पाठवला. त्या वर्षी नाताळच्या जेवणाला तिला कुणी बोलावलं नाही. ती म्हणाली, बरं झालं, त्यांची टर्की नाहीतरी घशात अडकते.

पुढे सळई खुपसायला यंत्र आलं आणि व्हर्ना घरी बसली. घरी बसणं तिला जमण्यातलं नव्हतं. दोन महिन्यांत तिने शेजाऱ्याशी कुंपणावरून, पाववाल्याशी पावावरून आणि पाद्र्याशी देवावरून भांडून घेतलं. मग कुणीतरी सांगितलं, टेकडीकडच्या विटांच्या घरात मदतनीस हवी आहे. त्या घरात चार मोठी माणसं राहायची. जन्मापासून बुद्धीची चाल वेगळी असलेली, आईबाप गेलेली, आपापल्या खोल्या, आपापले हट्ट. क्लाइव्ह ट्रेझाइझ, एक्कावन्न वर्षांचा. नोरीन, जी पोस्टमनशिवाय कुणालाही माणूस समजत नसे. आणि आणखी दोघं, ज्यांचा या गोष्टीत फारसा हात नाही. स्वयंपाक, आंघोळी, औषधं, बाजारहाट, भांडणं सोडवणं, हे मदतनीसांचं काम. भांडणं लावणं हे व्हर्नाने स्वतःहून अंगावर घेतलं.

क्लाइव्ह गावच्या ब्रास बँडमध्ये टेनर हॉर्न वाजवायचा. पोटाशी बाळासारखं धरायचं ते पितळी वाद्य. त्याला तीनच सूर यायचे, पण सव्वीस वर्षांत ते चुकीच्या वेळी आले नव्हते. मार्च वाजतो तेव्हा मोठा बाजा "धूं" म्हणतो आणि त्याच्या मागोमाग कुणीतरी "पॅ" म्हणावं लागतं. ते "पॅ" म्हणजे क्लाइव्ह. ऐकणाऱ्याला ते कधी ऐकूच येत नाही. नसलं तर मात्र कळतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ते नव्हतं. सरावाच्या दिवशी सकाळी क्लाइव्ह डाव्या गालावर हात ठेवून न्याहारीला आला.

"गालात काय भरलंयस?" व्हर्नाने विचारलं.

"काही नाही."

"मग गाल भोपळ्याएवढा कसा?"

"असाच आहे," क्लाइव्ह म्हणाला आणि टोस्ट उजवीकडून चावू लागला.

त्याला ताप होता. दाताच्या मुळाशी गळू झालं होतं. औषधांनी सूज उतरली आणि आठवड्याने व्हर्ना त्याला घेऊन डॉ. शिरीन रोहानींकडे गेली. डॉ. रोहानी बारीक चणीच्या, तेहरानच्या, बोलायला मऊ. त्यांच्यापुढे क्लाइव्हने तोंड उघडलं ते जेमतेम पोस्टाच्या पेटीइतकं. तेवढ्यातही त्यांनी काय बघायचं ते बघितलं.

"रोज दोनदा दात घासले जातात ना?"

"घासले जातात," व्हर्ना म्हणाली. घरात फडताळाच्या दारावर तक्ता होता. सकाळ, संध्याकाळ, बरोबरची खूण आणि मदतनीसाची सही. घराच्या प्रमुखाने त्याची चौदा महिन्यांची प्रत आधीच पाठवली होती. डॉक्टरांनी ती पडद्यावर उघडली. एकही घर रिकामं नव्हतं.

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "इतकी काळजी घेऊनही हिरड्या अशा असतील, तर माझ्या हातात काही राहत नाही. एखादा काढून भागणार नाही. ॲडलेडला नेऊन भूल देऊन सगळे काढू. मे महिन्यातली तारीख मिळते आहे."

"सगळे म्हणजे?"

"सगळे."

इतका वेळ छताकडे बघत असलेला क्लाइव्ह म्हणाला, "हॉर्न."

डॉक्टरांना कळलं नाही. व्हर्नाने सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला आरसा खाली ठेवला. "पुढचे दात नसताना फुंकणं अवघड आहे," त्या म्हणाल्या. "कवळीवर जमतं काही जणांना. या वयात नव्याने शिकणं म्हणजे…"

"हॉर्न," क्लाइव्ह पुन्हा म्हणाला आणि त्याने तोंड मिटलं. मग ते त्या दिवशी त्याने पाय देऊ केला तरी उघडलं नाही. पाय म्हणजे बेकरीतला, मांसाचं सारण भरलेला, गरम, सॉस घातलेला. व्हर्नाने गाडी मुद्दाम बेकरीवरून घेतली होती. तो पाय मांडीवर घेऊन क्लाइव्ह घरापर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

घरी आल्यावर व्हर्ना न्हाणीघरात गेली. चार पेले, चार ब्रश. क्लाइव्हचा निळा. तिने तो उचलला आणि अंगठ्याने केसांवरून हात फिरवला. केस ताठ, सरळ, कवायतीला उभे असल्यासारखे. दांडीवर दुकानाच्या चिठ्ठीचा कोपरा अजून चिकटलेला. एकवीस वर्षं सळई धरलेल्या हाताला काहीतरी कळलं. ती शिवणाचा डबा घेऊन आली आणि निळ्या ब्रशच्या केसांभोवती तिने लाल दोऱ्याचा एक वेढा घातला. इतका बारीक की बघायला गेलं तरच दिसावा.

तीन दिवसांच्या सुट्टीनंतर ती आली तेव्हा दोरा जागच्या जागी होता. फडताळाच्या दारावर सहा खुणा पडल्या होत्या.

मग ती तक्त्यासमोर उभी राहिली आणि मागची पानं उलटू लागली. कोण कोण खोटारडे आहेत ते बघायला. बघता बघता तिच्या लक्षात आलं की दर दुसऱ्या दिवशी एक सही येते, मोठी, फराटेदार, आणि ती व्हर्ना पॅस्कोची आहे.

तिला आठवलं. सकाळचे आठ. नोरीनचा बूट सापडत नाहीये, गाडी दारात उभी आहे, ती ओरडून विचारते, "क्लाइव्ह, दात?" आणि आतून उत्तर येतं, "झाले." की ओढली खूण. क्लाइव्हच्या मते ते झालेलेच होते. न्हाणीघरात जायचं, नळ सोडायचा, बंद करायचा, बाहेर यायचं. दात या प्रकरणात त्याच्या मते एवढंच करायचं असतं.

व्हर्ना आंघोळीच्या टबाच्या काठावर बसली. मेव्हण्याचा ट्रक परत पाठवणारी बाई कोरड्या ब्रशवर चौदा महिने सही करत होती. आणि नुसतं तेवढंच असतं तरी निभावलं असतं. त्या खुणा बघूनच डॉक्टर म्हणाल्या होत्या की आता उपाय नाही. दात घासले नाहीत असं तक्त्यावर असतं, तर त्या म्हणाल्या असत्या, घासा. घासले असं होतं म्हणून त्या म्हणाल्या, काढा.

तिने तिथूनच फोन लावला.

"डॉक्टर, मी खोटं बोलले. त्याचे दात कुणी घासत नाही. तोही घासत नाही."

"किती दिवसांपासून?"

"ब्रशला विचारलं तर तो म्हणेल, आमची ओळख नाही."

व्हर्नाला वाटलं, बाई आता चिडणार, आणि तिला बरंच वाटलं असतं. पण डॉक्टर म्हणाल्या, "मेची तारीख मी सोडत नाही. यादीतून नाव गेलं तर पुन्हा दीड वर्ष. मागच्या दाढा गेल्यातच जमा आहेत. पण तुमच्याकडे बारा आठवडे आहेत. तेवढ्यात हिरड्यांतून रक्त यायचं थांबलं, तर पुढचे बारा ठेवू. वरचे सहा, खालचे सहा." आणि त्यांनी जांभळ्या गोळ्यांचा एक डबा पाठवून दिला. गोळी चावली की दातांवर जिथे जिथे घाण असेल तिथे तिथे जांभळा रंग बसतो. स्वच्छ दात पांढरा राहतो. व्हर्नाला ती गोळी बघताक्षणी आवडली. ही तिची जुनी सळईच होती, फक्त खिशात मावणारी.

दुसऱ्या दिवसापासून तिने तक्त्यावर खरं लिहायला सुरुवात केली. *सकाळ: घासले नाहीत. संध्याकाळ: घासले नाहीत. नळ घासला.* चौथ्या दिवशी गॅव्हिन स्टॉट आला. गॅव्हिन या घराचा प्रमुख, पूर्वी खेळाचे बूट विकायचा, गळ्यात ओळखपत्राची पट्टी झोपतानाही घालत असावा.

"व्हर्ना, आपलं घर लाल झालंय."

"कुठे? मला तर विटकरीच दिसतंय."

"संगणकावर. मुख्य कार्यालयात. संस्थेची बाकीची सहाच्या सहा घरं हिरवी आहेत आणि आपण लाल. गेल्या आठवड्यापर्यंत आपणही हिरवे होतो."

"त्या सहा घरांतले ब्रश बघायला जायचं का? दोरा आहे माझ्याकडे."

गॅव्हिनने आवाज खाली आणला. प्रशिक्षणात शिकवतात तसा. "हे बघ, क्लाइव्ह तोंड उघडत नाही, ही त्याची निवड आहे. आपण त्याच्या नकाराचा मान ठेवतो. जबरदस्ती करायचे दिवस गेले."

"निवड?" व्हर्नाच्या कानशिलाची शीर तडतडू लागली. "अरे, निवडायला समोर दोन गोष्टी असाव्या लागतात. तोंड मिटलंस तर हॉर्न जाईल, हे त्याला कुणी सांगितलं होतं? तू? मी? आपण त्याच्या नकाराचा मान नाही ठेवला, आपल्या चहाच्या सुट्टीचा ठेवला. जबरदस्ती नको म्हणजे मेहनत नको, असा अर्थ तू काढलास. आणि मीही तोच काढला, म्हणून मला जास्त राग आलाय."

"राग तर तुला कायमच आलेला असतो," गॅव्हिन म्हणाला. हे त्याचं खरं होतं.

पहिले तीन आठवडे व्हर्नाने जे जे केलं ते सांगण्यासारखं नाही, पण सांगायलाच हवं. तिने स्ट्रॉबेरीची टूथपेस्ट आणली. क्लाइव्हने ती टोस्टला लावून खाल्ली. बॅटरीवर फिरणारा ब्रश आणला. तो नोरीनने पळवला आणि त्या ब्रशने पोस्टमनसाठी चांदीचा चमचा घासून ठेवला. व्हर्नाने आरशासमोर स्वतः दात घासून दाखवले, गाणं म्हणत, फेस काढत. क्लाइव्ह दारात उभा राहून शेवटपर्यंत बघत राहिला आणि म्हणाला, "छान." मग निघून गेला.

शेवटी एका दुपारी तिने मागच्या अंगणात खुर्ची ओढून त्याच्यासमोर मांडली.

"दात गेले तर हॉर्न जाणार. कळतंय ना?"

"माहीत आहे."

"मग घास ना रे बाबा."

"नको."

"का पण?"

क्लाइव्हने कुंपणावरच्या गलाह पोपटांकडे बघितलं. ती गुलाबी पाखरं एकमेकांना ढकलत बसली होती. "मोठ्या घरात," तो म्हणाला. एकोणीस वर्षांचा होईपर्यंत तो शहराजवळच्या मोठ्या संस्थेत होता. "तिघं. एकजण डोकं धरणार. एकजण हात धरणार. एकजण ब्रश. सगळ्यांना एकच ब्रश. पांढऱ्या फरशीवर रक्त."

व्हर्नाला त्या तिघांना शोधून काढून जुन्या सळईने झोडपावंसं वाटलं, पण ते तिघं आता बहुधा म्हातारे होऊन कुठल्यातरी घरात दुसऱ्याच्या हातून तोंड पुसून घेत असतील.

"इथे कुणी धरणार नाही," ती म्हणाली. "मी नाही, कुणीच नाही. दात गेले तरी नाही."

"बरं," क्लाइव्ह म्हणाला. त्याने तिचं म्हणणं ऐकून ठेवलं. विश्वास ठेवला की नाही ते कळलं नाही.

संध्याकाळी तो सरावाहून आला आणि नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या मोरीत कोमट साबणाचं पाणी करून बसला. हॉर्नचं तोंड, ज्याला ओठ लावायचे तो पितळी तुकडा, त्याने काढला. खिशातून एक छोटा गोल ब्रश काढला. आत घातला, फिरवला, बाहेर काढला, उजेडाकडे धरून आरपार बघितलं, पुन्हा फिरवला. व्हर्ना रोज हे बघायची. आज तिच्या हातातली बशी हातातच राहिली.

"ते कशाला रे धुतोस?"

"मर्व्ह सांगतो."

"आणि मर्व्हने दात घासायला सांगितलं तर?"

क्लाइव्हने प्रामाणिकपणे विचार केला. "मर्व्ह सांगत नाही," तो म्हणाला.

मर्व्ह ओट्स म्हणजे बँडमास्तर. चौऱ्याहत्तर वर्षांचा, जन्मभर खाटकाचं दुकान चालवलेला, बोटं सॉसेजसारखी आणि कान उंदरासारखा तिखट. व्हर्ना त्याच्या शेडमध्ये गेली तेव्हा तो कुणाचातरी कॉर्नेट, म्हणजे बँडमधला छोटा बिगुल, उघडून बसला होता.

"तुझ्या बँडवाल्यांना वाजवायच्या आधी दात घासायला लाव," तिने आल्या आल्या सांगितलं.

"तुलाही नमस्कार, व्हर्ना."

"नमस्कार. लावणार का?"

"अगं, अकरा जणांपैकी पाच जणांचे दात रात्री पेल्यात झोपतात. मी मोठ्या वयाच्या पुरुषांना तोंड धू म्हणून सांगू? मला बँडमधून काढतील."

"बुटांना पॉलिश करा म्हणून सांगतोस. विजारीची घडी मोडू नका म्हणून सांगतोस. हॉर्न काय बुटाने वाजवतात?"

मर्व्हने हातातला पाना खाली ठेवला. व्हर्नाने त्याला मे महिन्याचं सांगितलं. सगळे दात, एकदम. तो ऐकत राहिला.

"फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी," तो हळूच म्हणाला, "क्लाइव्ह आजारी होता तेव्हा, आम्ही मार्च सुरू केला. दहा मोजेपर्यंत ठीक होतं. मग जो पळायला लागला तो थांबेचना. मागे ओढून धरणारं कुणी नव्हतं. शेवटच्या ओळीला ढोलवाला आमच्या अर्धा मैल पुढे होता. मी सव्वीस वर्षं समजत होतो, ताल मी धरतो."

मग त्याने कॉर्नेटची नळी बाहेर ओढली, लांब लवचिक ब्रश आत सरकवला आणि दुसऱ्या टोकाने बाहेर काढला. ब्रशबरोबर हिरवट तपकिरी असं काहीतरी वर्तमानपत्रावर पडलं. दोघांनी वाकून बघितलं.

"हा डग हॉकिंगचा कॉर्नेट," मर्व्ह म्हणाला. "आणि ही त्याने खाल्लेली मांस-बटाट्याची पॅस्टी. कुठल्या सालची ते सांगता येत नाही."

पुढच्या सरावाला ते वर्तमानपत्र हॉलच्या टेबलावर मांडलेलं होतं. मर्व्हने भाषण केलं नाही. अकरा जणांना रांगेने टेबलासमोरून फिरवलं, अंत्यदर्शनाला फिरवतात तसं, आणि म्हणाला, "आजपासून नियम. घासल्याशिवाय फुंकायचं नाही. ज्याचे दात खिशात आहेत त्याने खिशातले घासायचे."

"मर्व्ह, मी अडुसष्ट वर्षांचा आहे," डग म्हणाला.

"तुझी पॅस्टीही साधारण तेवढीच आहे."

हॉलच्या मागे पावसाच्या पाण्याची पत्र्याची टाकी होती. तिच्या नळाशी अकरा थोर माणसं, गळ्यात टाय, हातात व्हर्नाने वाटलेले ब्रश, ओळीत उभी राहून दात घासू लागली. रस्त्यावरून कुत्रं फिरवणारी एक बाई थांबली, कुत्रंही थांबलं. क्लाइव्ह बाजूला हॉर्न पोटाशी धरून सगळ्यांकडे एकेक करून बघत होता. कुणी कुणाला धरलेलं नव्हतं. डगचा फेस टायवर सांडला. कुणीतरी कवळी चिखलात पाडली आणि देवाचं नाव घेतलं.

"क्लाइव्ह," मर्व्ह म्हणाला, "नियम सगळ्यांना."

क्लाइव्हने हॉर्न व्हर्नाच्या हातात दिला. याआधी त्याने तो कधी कुणाच्या हातात दिला नव्हता. निळा ब्रश घेतला, टाकीच्या पत्र्याकडे तोंड केलं आणि पितळी तुकडा धुवायचा तसा ब्रश तोंडात सरळ घालून गोल फिरवला. बाहेर काढला. उजेडाकडे धरून बघितला. त्यावर थोडं रक्त होतं. व्हर्नाला वाटलं, संपलं. क्लाइव्हने ब्रश नळाखाली धरला, झटकला आणि पुन्हा तोंडात घातला.

त्यानंतर व्हर्नाने जांभळ्या गोळ्या वाटल्या. दोन मिनिटांनी गावचा ब्रास बँड एकमेकांकडे बघून दात विचकत होता आणि प्रत्येकाचं तोंड तुतीच्या झाडाखाली सापडलेल्या पोरासारखं झालं होतं. क्लाइव्ह हसला. पूर्ण तोंड उघडून, दाढांपर्यंत. व्हर्नाने चार वर्षांत त्याच्या दाढा बघितल्या नव्हत्या. बघण्यासारख्या नव्हत्याही.

मर्व्ह त्या दिवशी शहाण्यासारखा वागला. त्याने गोळ्यांचा डबा क्लाइव्हच्या कोटाच्या खिशात घातला. "तपासनीस तू," तो म्हणाला. "आणि बँडवाला मंगळवार-शुक्रवारीच बँडवाला नसतो."

झालं. तपासनिसाने काम इतकं मनावर घेतलं की गावात लोक त्याला बघून फुटपाथ बदलायला लागले. पाववाल्याला गोळी, पाद्र्याला गोळी, पोस्टमनला गोळी. पोस्टमन जांभळा निघाला तेव्हा नोरीन दोन दिवस जेवली नाही. स्वतःचे दात क्लाइव्ह रोज दोनदा घासायचा, पण न्हाणीघरात कधीच नाही. अंगणातल्या नळाशी. थंडी असो, वारा असो, पाऊस आला तर रेनकोट घालून. व्हर्नाने शेजारी उभं राहून आपले दात घासायचे, एवढंच तिचं काम. ब्रश तालात चालायचा. एक रिकामा, एक घासायचा, एक रिकामा, एक घासायचा. त्यामुळे वेळ दुप्पट लागायचा आणि नोरीनचा बूट अजूनही सापडत नसायचा. गाडीवाला हॉर्न वाजवायचा. व्हर्ना त्याला फेसाळ तोंडाने जे सांगायची ते त्याला कळायचं नाही, हे बरंच होतं.

तक्ता भरायचं काम क्लाइव्हने तिच्या हातून काढून घेतलं. घासून झाल्यावर गोळी, मग आरसा. जांभळं दिसलं तर तो खूण करत नसे. मागच्या बाजूला रोज जांभळं दिसायचं. त्यामुळे घर लालच राहिलं. सातव्या आठवड्यात एका सकाळी त्याने आरशात बघितलं, तोंड वाकडं केलं, व्हर्नाचं मनगट पकडलं आणि तिच्या हातात निळा ब्रश दिला.

"मागे तू," तो म्हणाला. "मी धरतो." आणि त्याने तिचं मनगट शेवटपर्यंत धरून ठेवलं.

व्हर्नाने आयुष्यात बंदुकीच्या दारूचे खोकेही हाताळले होते, पण इतक्या हळू हाताने काही केलं नव्हतं.

लाल घराचं काय करायचं, म्हणून गॅव्हिनची मुख्य कार्यालयाशी पडद्यावर बैठक लागली. पलीकडे संचालकबाई आणि आणखी चार चेहरे. गॅव्हिन नवा शर्ट घालून स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसला आणि रहिवाशांच्या सहभागाबद्दल बोलू लागला. तेवढ्यात सहभाग आत आला. क्लाइव्हने खिशातून डबा काढला.

"गॅव्हिन. चाव."

"आत्ता नको, क्लाइव्ह, दोस्ता."

"काय आहे ते?" संचालकबाईंनी उत्सुकतेने विचारलं. मग गॅव्हिनला चावावंच लागलं. तो सहभागाबद्दल पुढे बोलत राहिला आणि प्रत्येक वाक्याबरोबर जांभळा होत गेला. दात, हिरडीची कड, ओठांचे कोपरे. पलीकडचे चार चेहरे पडद्याच्या जवळ आले.

"गॅव्हिन," संचालकबाई म्हणाल्या, "तुझ्या दातांना काय झालंय?"

"घासत नाही," क्लाइव्हने सांगितलं.

"त्याची निवड आहे ती," भांडी विसळत व्हर्ना म्हणाली. "आपण मान ठेवतो."

त्या महिन्यात बाकीची सहा घरंही एकेक करून लाल झाली. संचालकबाईंनी प्रत्येक घरी गोळ्यांचा डबा पाठवला होता. गॅव्हिन व्हर्नाशी नऊ दिवस बोलला नाही. दहाव्या दिवशी त्याने विचारलं, "ती स्ट्रॉबेरीची कुठे मिळते?"

बारावा आठवडा आला. व्हर्नाने आदल्या दिवसापासून कुणाशी भांडण केलं नाही, यावरून घरातल्यांना कळलं की ती घाबरली आहे. डॉ. रोहानींच्या खुर्चीत क्लाइव्ह बसला आणि म्हणाला, "थांब." डबा काढला. डॉक्टरांनी गोळी घेतली, चावली, मुकाट्याने तोंड उघडून दाखवलं. एका दाढेमागे पुसट जांभळं होतं.

"मागे बघ," क्लाइव्ह म्हणाला.

"बघते," डॉक्टर म्हणाल्या, आणि ओशाळल्या.

मग त्याने स्वतःचं तोंड उघडलं. या वेळी पुरतं. डॉक्टर बारीक सळई हिरडीच्या कडेकडेने नेत होत्या, एकेका दाताशी थांबत होत्या, आणि सहायक मुलीला आकडे सांगत होत्या. व्हर्नाला ते आकडे कळत नव्हते. ती फक्त कापसाच्या बोळ्याकडे बघत होती. बोळा पांढरा होता. पुढचा बोळा पांढरा होता. एक गुलाबी झाला, तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा डॉक्टर हातमोजे काढत होत्या.

"पाच दाढा जाणार," त्या म्हणाल्या. "त्या मला वाचवता येणार नाहीत. पुढचे बारा राहतील."

क्लाइव्ह जिभेने आतून पुढचे दात चाचपत होता. एकेक करून, वरून, मग खालून. "बारा," तो म्हणाला. त्याचा हिशेब जुळला होता.

"हॉर्नला तीन आठवडे हात लावायचा नाही, मात्र."

"दोन."

"तीन."

"मार्च पळेल," क्लाइव्ह म्हणाला. डॉक्टरांना हे समजलं नाही, पण त्यांनी व्हर्नाकडे बघितलं आणि अडीच केले.

संमतीचा कागद निघाला. सगळे दात काढायच्या आधीच्या कागदावर पर्थला राहणाऱ्या त्याच्या बहिणीची सही होती, टपालाने आलेली. ती बिचारी दर नाताळला एक कार्ड पाठवायची आणि तो कागदही तिने तसाच सही करून पाठवला असावा. सहायक मुलीने नवा कागद सवयीने व्हर्नाकडे सरकवला. व्हर्नाने तो हात न लावता कोपराने क्लाइव्हसमोर ढकलला.

"दात कुणाचे आहेत?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली आणि कोणत्या पाच दाढा, कधी, भूल कशी देतात, जाग आल्यावर कसं वाटेल, सगळं बोट ठेवून सांगितलं. क्लाइव्हने दोन प्रश्न विचारले. कोण धरणार आहे? कुणी नाही, झोप लागेल. व्हर्ना असेल? दारापर्यंत. मग त्याने पेन घेतलं.

त्याच्या नावाला बरीच अक्षरं आहेत आणि तो प्रत्येक अक्षर सुटं, मोठं काढतो. बाहेर पुढचा रुग्ण घड्याळ बघत होता. सहायक मुलगी दारातून डोकावून गेली, पुन्हा डोकावली. "थांब म्हणावं," व्हर्नाने तिला सांगितलं. आडनावाच्या मध्यावर सहीची चौकट संपली. क्लाइव्ह थांबला नाही. तो चौकटीची रेघ ओलांडून समासात गेला, समास संपल्यावर कागद आडवा केला आणि कडेने वर लिहीत गेला, जीभ दातांत धरून.